३५ बाळंतपणं, जगली फक्त ५ मुलं : सावित्रीबाईंच्या घरातला हा आकडा काय सांगतो?

सावित्रीबाई फुले म्हटलं की भिडेवाडा, १८४८ ची मुलींची शाळा आणि अंगावर झेललेलं शेण आपल्याला आठवतं. पण शाळा सुरू झाली तेव्हा त्या जेमतेम १७ वर्षांच्या होत्या. त्यानंतर त्या जवळपास ५० वर्षं जगल्या. या काळातलं त्यांचं एक मोठं काम म्हणजे इतरांची मुलं जगवणं.

बालहत्या प्रतिबंधक गृह का काढलं?

पुण्यात फुल्यांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवलं आणि ती गरोदर राहिली. लोकलाजेच्या भीतीने तिने बाळाला मारून विहिरीत टाकलं. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्र्याला काहीच झालं नाही.

या प्रकरणानंतर, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्याच घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. शहरात जाहिराती लावल्या. विधवांनी इथे यावं, गुप्तपणे बाळंत व्हावं आणि मूल सोबत न्यायचं की इथेच ठेवायचं हे स्वतः ठरवावं, असा त्यांचा आशय होता. बाळंतिणींची आणि मुलांची देखभाल सावित्रीबाई करायच्या. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

तरीही ३० मुलं गेली

१८८४ मध्ये जोतीरावांनी सक्तीच्या वैधव्याबद्दल एक टिपण लिहिलं. त्यात या घराचा हिशोब आहे : ३५ गरोदर विधवा बाळंत झाल्या, त्यांची ५ मुलं जिवंत होती आणि ३० दगावली होती.

कारणही त्यांनी दिलंय. गर्भ पडावा म्हणून या बायकांनी आधीच विषारी औषधं घेतलेली असणार आणि त्याची इजा बाळाला पोटातच झाली.

म्हणजे डोक्यावर छप्पर आणि मायेचा हात मिळेपर्यंत उशीर झालेला असायचा. बाळाची तब्येत आईच्या पोटातच ठरायला लागते. आज पिरंगुटसारख्या गावात आशाताई पहिल्या १२ आठवड्यांत नोंदणी करायला सांगतात, लोहाच्या गोळ्या देतात, ते याचसाठी. जिला गरोदरपण लपवावं लागतं, तिच्यापर्यंत यातलं काहीच पोचत नाही. तेव्हाही पोचत नव्हतं.

याच घरात जन्मलेल्या एका मुलाला फुले दाम्पत्याने १८७४ च्या सुमारास दत्तक घेतलं. त्याचं नाव यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

दुष्काळ आला तेव्हा

१८७६-७७ च्या दुष्काळात दख्खन होरपळली. सावित्रीबाई जुन्नर भागात सत्यशोधक समाजाच्या मदतकार्यात होत्या. एप्रिल १८७७ मध्ये त्यांनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहून तिथली परिस्थिती कळवली. त्याच वर्षी समाजातर्फे धनकवडीत व्हिक्टोरिया बालाश्रम चालवला गेला. तिथे गरीब मुलांना फुकट जेवण मिळायचं. दुष्काळात लहान मुलं आधी का दगावतात? कमी खाल्लं की अंगातली ताकद जाते आणि मग साधा जुलाबही जिवावर बेतू शकतो. म्हणून भुकेल्या मुलासाठी ताटातलं अन्न हाच पहिला औषधोपचार.

प्लेग आणि शेवटचं मूल

१८९० मध्ये जोतीराव गेले. सावित्रीबाई थांबल्या नाहीत.

१८९६ च्या अखेरीस प्लेग मुंबईहून पुण्यात आला. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. अँटिबायोटिक्स यायला अजून जवळपास ५० वर्षं होती. रुग्णाला घरच्यांपासून वेगळं ठेवणं, पाणी पाजणं, स्वच्छता राखणं, उशाशी बसणं, एवढंच हातात होतं. थोडक्यात, शुश्रूषा हाच उपचार होता.

सावित्रीबाईंनी यशवंतला बोलावून घेतलं आणि हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात दवाखाना सुरू झाला. त्या स्वतः रुग्णांना तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी असल्याचं कळलं, तेव्हा त्या तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्या वेळी त्यांचं वय होतं ६६. ज्या मुलाला एरवी गावात शिवतही नव्हते, त्याला त्यांनी पाठीवर घेतलं होतं.

यात त्यांना प्लेगची लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्यांचं निधन झालं. पुढे १९०५ मध्ये यशवंतही प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच गेले.

विधवेचं मूल, दुष्काळातलं मूल आणि गावकुसाबाहेरचं मूल. समाजाच्या हिशोबात यातलं एकही मोजलं जात नव्हतं. आज अंगणवाडीत प्रत्येक मुलाचं वजन नोंदवलं जातं, कुणाचंही असलं तरी. हे आपल्याला साधं वाटतं. पण प्रत्येक मूल मोजायचं असतं, ही गोष्ट सावित्रीबाई १८६३ पासून करून दाखवत होत्या.