जेमीचा पाय वाचवणारे डॉक्टर

चिंचपोकळी स्टेशनातून लालबागच्या बाजूला उतरलं की हातगाड्या चुकवतच चालावं लागतं. भरलेल्या गाडीचं चाक कुणाच्या पायावरून गेलं तर, असं मनात येतं आणि मला हटकून डॉ. जोसेफ लिस्टर आठवतात.

लिस्टर १८२७ साली इंग्लंडमध्ये जन्मले. वडील व्यापारी, पण सूक्ष्मदर्शकाची भिंगं सुधारण्याचा त्यांना भारी नाद. मुलगा सर्जन झाला, एडिंबरोला गेला आणि १८५६ मध्ये गुरूंच्याच मुलीशी, ॲग्नेसशी, लग्न केलं. मधुचंद्राला जोडी युरोपात गेली ती तिथली हॉस्पिटलं बघत हिंडली! बिचारी ॲग्नेस, असं वाटेल आपल्याला. पण पुढे नवऱ्याच्या प्रयोगांत तीच मदतनीस होती. त्यांच्या वह्यांतली पानंच्या पानं तिच्या अक्षरात आहेत.

त्या काळी हाड आतल्या आत मोडलं तर माणूस बहुधा बरा व्हायचा. हाड कातडी फाडून बाहेर आलं की मात्र जखम सडायची आणि पाय कापावा लागायचा. कापूनही भरवसा नाहीच. ग्लासगोला लिस्टर यांच्याकडे हात-पाय कापलेल्या ३५ जणांपैकी १६ दगावले होते. दोष द्यायचे वाईट हवेला. सर्जन मात्र रक्ताने कडक झालेला कोट रोज तोच घालायचे!

नासणं-कुजणं जंतूंमुळे होतं, हे पाश्चर यांचं संशोधन लिस्टर यांनी वाचलं. कार्लाईल गावात मैल्याची घाण कार्बोलिक ॲसिडने कमी होते, हेही त्यांच्या कानावर होतं. मग जखमेतले जंतू त्यानेच का मारू नयेत?

१२ ऑगस्ट १८६५ ला अकरा वर्षांच्या जेम्स ग्रीनलीसला, म्हणजे जेमीला, हॉस्पिटलात आणलं. गाडीचं चाक पायावरून गेलेलं, हाड मोडून जखम उघडी. लिस्टर यांनी कार्बोलिकमध्ये भिजवलेलं कापड जखमेवर ठेवलं आणि पाय फळ्यांत बांधला. चार दिवसांनी पट्टी सोडली, तर पू नाही, घाण वास नाही. सहा आठवड्यांत हाड जुळलं. पोर आपल्या पायांवर घरी गेलं.

१८६७ मध्ये त्यांनी अशा ११ रुग्णांची हकिकत छापली. त्यातले नऊ जण पाय-हात शाबूत राखून बरे झाले होते. त्याच वर्षी सख्ख्या बहिणीच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन त्यांनी स्वतःच्या घरी केलं. केवढी छाती लागली असेल!

कार्बोलिकने कातडी भाजते, म्हणून आता ते जखमेत घालत नाहीत. सलाईनने भरपूर धुतात, मेलेलं मांस काढतात, अँटिबायोटिक लवकर सुरू करतात, धनुर्वाताचं इंजेक्शन देतात. भारतासह काही देशांतल्या अडीच हजारांवर रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये आला. त्यात साबणाच्या पाण्यापेक्षा साधं सलाईनच बरं ठरलं. आपल्याकडे मात्र अजून कुणी हळद दाबतं, कुणी चहापूड! मैत्रिणींनो, हाड दिसत असेल तर काही लावू नका, हाड आत ढकलू नका. स्वच्छ कापडाने झाका, रक्त वाहत असेल तर हाडावर न दाबता कडेने दाबा, पाय हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करा.

ॲग्नेस १८९३ मध्ये इटलीत गेली. त्यांना मूलबाळ नव्हतं. तिच्यामागे लिस्टर यांचं कामातलं मनच उडालं. १९१२ मध्ये ते वारले, तेव्हा वेस्टमिन्स्टर ॲबेत मोठी प्रार्थना झाली. दफन मात्र हॅम्पस्टेडला झालं, ॲग्नेसच्या शेजारी.