पाणी सर्वांचे

(राजर्षी शाहू महाराज हे कोल्हापूर संस्थानाचे लोकप्रिय राजे होते. शेती, आरोग्य आणि माणुसकी यांचा त्यांनी कसा विचार केला, ते या पाठात सांगितले आहे.)

कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात वेदगंगा नदीच्या परिसरात मुरगूड हे गाव आहे. गावाजवळ एक मोठा तलाव आहे. त्याचे नाव सर पिराजीराव तलाव. मुरगूडच्या घराघरांत याच तलावाचे पाणी जाते. सर पिराजीराव घाटगे हे कागलचे अधिपती होते. ते राजर्षी शाहू महाराजांचे धाकटे भाऊ. पाणी साठवावे आणि ते लोकांच्या उपयोगी पडावे, ही शाहू महाराजांचीही मोठी तळमळ होती.

शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. त्यांचे मूळ नाव यशवंतराव. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. तेव्हा त्यांना विसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

दोनच वर्षांत संकटे आली. १८९६ साली पावसाने दगा दिला आणि दुष्काळ पडला. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली. लोकांना काम मिळावे म्हणून रस्ते व विहिरी यांची कामे काढली. कामावर येणाऱ्या बायकांच्या लहान मुलांना सांभाळण्याचीही सोय केली. दुष्काळ सरतो न सरतो, तोच प्लेगची साथ आली. तेव्हा लोकांना गावाबाहेर, मोकळ्या हवेत झोपड्या बांधून राहण्यास सांगण्यात आले. प्लेगची लस तेव्हा नवी होती आणि लोक तिला घाबरत. लोकांनी ती टोचून घ्यावी म्हणून महाराजांनी प्रयत्न केले.

या अनुभवातून महाराजांना एक गोष्ट कळली. पाणी नसले की पीक जाते. पीक गेले की माणूस उपाशी राहतो. उपाशी माणसाला रोग लवकर गाठतो. म्हणून संकट आल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच पाणी अडवले पाहिजे. कोल्हापूरच्या नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात. पण उन्हाळ्यात त्या आटत. महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरी येथे मोठे धरण बांधायला घेतले. त्याच्या जलाशयाला राणीसाहेबांच्या नावावरून लक्ष्मी तलाव असे नाव मिळाले.

पण पाणी साठले म्हणजे ते सर्वांना मिळते, असे त्या काळी नव्हते. महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचा एक नोकर होता. तो अस्पृश्य मानलेल्या जातीतला होता. महाराज परगावी गेले असताना, हौदाच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्याला बेदम मारहाण झाली. महाराज परत आल्यावर गंगाराम रडत त्यांच्याकडे गेला. महाराज फार संतापले. त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली. गंगारामला स्वतःचा धंदा काढण्यासाठी मदत केली. गंगारामने कोल्हापुरात चहाचे दुकान थाटले. पण त्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? मग महाराजच आपली गाडी दुकानापुढे थांबवू लागले. ते सर्वांदेखत चहा पीत आणि बरोबरच्या मोठमोठ्या लोकांनाही पाजत.

१९१९ साली महाराजांनी हुकूम काढले. सार्वजनिक विहिरी, शाळा आणि दवाखाने सर्वांना खुले झाले. दवाखान्यात आलेल्या अस्पृश्य रोग्यालाही नीट वागवावे, अशी डॉक्टरांना सक्त ताकीद मिळाली.

शिक्षणातही त्यांनी भेदभाव केला नाही. निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. १९०६ साली मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले.

राधानगरीचे काम मात्र पैशांअभावी मध्येच थांबले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, तेव्हा धरण अर्धेच होते. पुढे काम पुन्हा सुरू झाले आणि ते पुरे झाले. १९५८ साली जवळचे दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी अभयारण्य झाले. डोंगरावरची झाडे माती धरून ठेवतात, पाणी जमिनीत मुरवतात आणि धरण गाळाने भरू देत नाहीत.

महाराजांना पूर्ण धरण पाहायला मिळाले नाही. पण त्याच्या पाण्यावर आज शेते पिकतात. महाराष्ट्रात २६ जून हा दिवस सामाजिक न्याय दिन म्हणून पाळला जातो.

शब्दार्थ
तळमळ – मनापासून वाटणारी ओढ
दुथडी – दोन्ही काठांना लागून
पदरी असणे – नोकरीत असणे
सक्त ताकीद – कडक सूचना

स्वाध्याय
१. दुष्काळात महाराजांनी कोणती कामे केली?
२. महाराज गंगारामच्या दुकानापुढे गाडी का थांबवत?
३. डोंगरावरच्या झाडांचा धरणाला काय उपयोग होतो?
४. तुमच्या गावात पिण्याचे पाणी कोठून येते? माहिती मिळवा आणि पाच वाक्ये लिहा.