ऑर्ड विंगेट : रात्रीच्या लढाईचा सेनानी

२४ मार्च १९४४ रोजी सायंकाळी इम्फाळहून कछारमधील लालाघाटकडे निघालेले एक अमेरिकन बी-२५ विमान मणिपुरातील विष्णुपूरनजीकच्या डोंगरांत कोसळले. विमानात दहा जण होते. त्यांपैकी कोणीही वाचले नाही. मृतांमध्ये मेजर जनरल ऑर्ड चार्ल्स विंगेट होते. ब्रह्मदेशात जपानी फौजांच्या पिछाडीस उतरलेल्या ‘चिंडिट’ सैन्याचे ते सेनापती होते आणि त्यांचे वय अवघे ४१ वर्षांचे होते. त्यानंतर सात आठवड्यांनी, ११ मे रोजी, त्यांना पुत्र झाला. ऑर्ड जोनाथन असे त्याचे नाव ठेवण्यात आले.

या मुलाला वडील भेटले ते घरच्यांच्या आठवणींतून. तो एकोणीस वर्षांचा असताना, १९६३ मध्ये, त्याची आजी आणि विंगेट यांच्या सासूबाई अॅलिस आयव्ही यांनी ‘देअर वॉज अ मॅन ऑफ जीनियस’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. नातवाला लिहिलेल्या पत्रांच्या रूपात जावयाचे चरित्र, असे त्याचे स्वरूप आहे. जावयाचे थोरपण शीर्षकातच सांगून टाकणारे हे पुस्तक विंगेट यांच्या कुटुंबीयांच्या निष्ठेची साक्ष देते. मात्र विंगेट यांच्या युद्धाला आणखी एक बाजू होती आणि ती कुटुंबाच्या दिवाणखान्यातून दिसण्यासारखी नव्हती. हा सेनानी समजून घ्यायचा तर दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

बायबलच्या छायेतील बालपण

विंगेट यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९०३ रोजी नैनिताल येथे झाला. वडील कर्नल जॉर्ज विंगेट हिंदुस्थानी लष्करात अधिकारी होते. आईवडील दोघेही ‘प्लायमाऊथ ब्रदरन’ या कडव्या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. मुलांचे बालपण इंग्लंडमध्ये गेले, पण ते इतर मुलांपासून दूर, प्रार्थना आणि धर्मग्रंथाच्या पठणात गेले. बायबलमधील जुन्या करारातील योद्धे आणि प्रेषित विंगेट यांच्या मनात तेव्हापासूनच वस्तीला आले. ईश्वराने आपल्याला काही कार्यासाठी निवडले आहे ही भावना त्यांच्या स्वभावात मुरली ती याच काळात.

वूलविचच्या लष्करी अकादमीतील एक प्रसंग त्यांच्या सर्व चरित्रांत येतो. नियमभंग करणाऱ्या छात्राला विवस्त्र करून, गाठी मारलेले टॉवेल घेतलेल्या वरिष्ठ छात्रांच्या दोन रांगांमधून धावायला लावायचे आणि अखेर थंडगार पाण्याच्या टाकीत फेकायचे, अशी तेथील रीत होती. विंगेट यांची पाळी आली तेव्हा ते धावले नाहीत. प्रत्येक वरिष्ठासमोर जाऊन ते थांबले, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि मारण्याचे आव्हान दिले. एकाचाही हात उठला नाही. रांगेच्या शेवटी त्यांनी आपण होऊनच पाण्यात उडी घेतली. वरिष्ठांशी असेच वागण्याची त्यांची रीत पुढे आयुष्यभर कायम राहिली.

१९२३ मध्ये तोफखान्यात अधिकारी झाल्यावर त्यांनी अरबी भाषेचा अभ्यास केला. वडिलांचे चुलतबंधू सर रेजिनाल्ड विंगेट हे पूर्वी सुदानचे गव्हर्नर जनरल होते. त्यांच्या वजनाचा उपयोग होऊन १९२८ मध्ये ऑर्ड विंगेट यांची सुदान संरक्षण दलात नियुक्ती झाली. अॅबिसिनियाच्या सीमेवर गुलामांचा आणि हस्तिदंताचा चोरटा व्यापार करणाऱ्यांना पकडण्याचे काम त्यांच्याकडे होते. ठरलेल्या मार्गाने गस्त घालण्याऐवजी अनपेक्षित जागी दबा धरून बसण्याचे तंत्र त्यांनी येथे आत्मसात केले. १९३३ मध्ये सुदानहून मायदेशी परतताना जहाजावर त्यांची लॉर्ना पॅटरसन यांच्याशी भेट झाली. त्या वेळी लॉर्ना सोळा वर्षांच्या होत्या. जानेवारी १९३५ मध्ये दोघांचा विवाह झाला.

पॅलेस्टाईनमधील रात्री

सप्टेंबर १९३६ मध्ये गुप्तवार्ता अधिकारी म्हणून विंगेट पॅलेस्टाईनमध्ये आले, तेव्हा तेथे अरबांचा उठाव पेटला होता. वाढते ज्यू स्थलांतर, हातची जाणारी जमीन आणि ब्रिटिश सत्तेविषयीचा संताप ही त्यामागील कारणे होती. बहुतेक ब्रिटिश अधिकाऱ्यांची सहानुभूती अरबांकडे झुकत असताना विंगेट यांनी ज्यूंचा पक्ष घेतला. ते हिब्रू शिकले. ज्यू राष्ट्राची पुनःस्थापना हे त्यांच्या दृष्टीने बायबलमधील वचनाची पूर्तता होती. लॉर्ना यांनीही हा ध्यास तितक्याच उत्कटतेने स्वीकारला.

किर्कुकचे खनिज तेल हैफा बंदरात आणणारी नळवाहिनी बंडखोर रात्री फोडत आणि पेटवून देत. दिवसा रस्त्यांवर फिरणारे सैन्य रात्री छावणीत परतत असे आणि अंधार बंडखोरांचा होई. हा अंधारच त्यांच्याकडून हिसकावून घ्यावा, असा विंगेट यांचा विचार होता. जून १९३८ मध्ये त्यांनी ‘स्पेशल नाइट स्क्वॉड्स’ ही विशेष पथके उभी केली. ब्रिटिश सैनिक आणि ‘हगाना’ या ज्यू संघटनेचे तरुण त्यांत एकत्र होते. गिल्बोआ पर्वताच्या पायथ्याशी असलेली एन हरोद ही वसाहत त्यांनी मुख्य तळ म्हणून निवडली. तीनशे निवडक माणसांनिशी रात्री शत्रूच्या छावणीवर तुटून पडलेला गिदोन बायबलमधील कथेनुसार याच परिसरातील झऱ्याकाठी थांबला होता.

पथके लहान असत. रबरी तळव्यांचे बूट घालून, रस्ते टाळून, मैलोगणती चालत ती गावांच्या वाटांवर दबा धरीत. जुलै १९३८ मध्ये दबुरिया गावातील चकमकीत स्वपक्षाच्याच गोळ्यांनी विंगेट जखमी झाले. तरीही त्यांनी लढाईचे नेतृत्व सोडले नाही. त्यासाठी त्यांना ‘डीएसओ’ हे पदक मिळाले. नळवाहिनीवरील हल्ले कमी झाले. मोशे दायान, यिगाल अलोन यांच्यासारखे पुढे इस्रायलच्या सैन्याला आकार देणारे तरुण या काळात त्यांच्या हाताखाली शिकले.

या यशाची किंमत मात्र आजूबाजूच्या अरब खेडुतांनी मोजली. पथकांत काम केलेल्या सैनिकांनीच नंतर सांगितलेल्या हकिकती अस्वस्थ करणाऱ्या आहेत. नळवाहिनी फुटली की जवळच्या गावातील पुरुषांना बाहेर काढून रांगेत उभे केले जाई, मारहाण होई, तेलाने माखलेली माती त्यांच्या तोंडात कोंबली जाई. गुन्हेगार कोण हे ठाऊक नसताना शिक्षा संपूर्ण गावाला मिळे. सामूहिक शिक्षा हे त्या काळच्या ब्रिटिश सत्तेचे सर्वमान्य साधन होते, हे खरे. तथापि रात्री दारात उभे राहणाऱ्या अधिकाऱ्याला स्वतःच्या न्याय्यतेविषयी तिळमात्र शंका नसेल, तर त्या साधनाला मर्यादा उरत नाही. वूलविचमध्ये विंगेट यांना निर्भय करणारा आत्मविश्वास या खेड्यांत निष्ठुर झाला.

ज्यूंच्या बाजूने उघड राजकीय खटपट केल्यामुळे अखेर वरिष्ठ नाराज झाले. मे १९३९ मध्ये त्यांना पॅलेस्टाईन सोडावे लागले. पुन्हा तेथे प्रवेश देऊ नये, अशी नोंद त्यांच्या पारपत्रावर करण्यात आली.

सिंहासन आणि सुरी

दुसऱ्या महायुद्धात जनरल वेव्हेल यांनी त्यांना पुन्हा संधी दिली. इटलीने बळकावलेल्या इथिओपियात सम्राट हैले सेलासी यांना परत गादीवर बसविण्यासाठी सुदानी आणि इथिओपियन सैनिकांची एक लहान फौज विंगेट यांनी नेली. तिचे नाव त्यांनी ‘गिदोन फोर्स’ ठेवले. दोन हजारांहूनही कमी असलेल्या या फौजेने हुलकावण्या देत आणि संख्याबळाचा आभास निर्माण करीत हजारो इटालियन सैनिकांना शरण आणले. ५ मे १९४१ रोजी सम्राट अदिस अबाबात परतले. इटालियन फौजा शहरात शिरल्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती.

या विजयानंतर विंगेट यांच्या वाट्याला आली ती उपेक्षा. फौज विसर्जित झाली, त्यांचा हुद्दा पुन्हा मेजरचा झाला आणि वरिष्ठांवर जळजळीत टीका करणाऱ्या त्यांच्या अहवालाने उरलीसुरली सहानुभूतीही गेली. मलेरियाने आणि त्यावरील औषधाच्या अतिसेवनाने शरीर व मन पोखरले होते. ४ जुलै १९४१ रोजी कैरोतील हॉटेलच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या गळ्यात सुरी खुपसली. शेजारच्या खोलीतील अधिकाऱ्याला पडल्याचा आवाज आला आणि वेळीच मदत मिळाल्याने प्राण वाचले. आपण ईश्वराने निवडलेले आहोत असे मानणाऱ्या माणसाच्या आयुष्यातील हा सर्वांत काळोखा दिवस होता. त्यातून उठून अवघ्या आठ महिन्यांत ते हिंदुस्थानात दाखल झाले.

चिंडविनपार

मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले होते. हिंदुस्थानचे सरसेनापती झालेल्या वेव्हेल यांनीच विंगेट यांना पाचारण केले. रस्ता आणि रसद यांवर विसंबणारे सैन्य जंगलात हरते. त्याऐवजी बिनतारी संदेश आणि विमानातून टाकलेला शिधा यांवर जगणाऱ्या तुकड्या शत्रूच्या पिछाडीस घुसवाव्यात, हे त्यांचे सूत्र होते. सागरच्या परिसरातील जंगलांत त्यांनी ब्रिटिश, गुरखा आणि ब्रह्मी सैनिकांकडून भर पावसाळ्यात कठोर सराव करवून घेतला. ब्रह्मदेशातील पागोड्यांच्या दारावरील ‘चिंथे’ या सिंहावरून या दलाला चिंडिट हे नाव पडले. दाढी वाढवलेला, जुनाट सोला हॅट घातलेला आणि कच्चे कांदे खाणारा हा सेनापती अनेकांना चक्रम वाटे. मात्र सैनिक त्यांच्यामागून जात.

फेब्रुवारी १९४३ मध्ये तीन हजार चिंडिटांनी चिंडविन नदी ओलांडली. मंडाले-म्यितक्यिना लोहमार्ग त्यांनी अनेक ठिकाणी उखडला. मात्र इरावती ओलांडल्यावर ते कोंडीत सापडले. उपासमार, आजार आणि जपानी पाठलाग यांतून २,१८२ जण परतले. त्यांतील सुमारे ६०० पुन्हा लढण्याच्या स्थितीत राहिले नाहीत. जे चालू शकत नव्हते त्यांना मागे ठेवावे, हा नियम विंगेट यांनीच घालून दिला होता आणि तो पाळला गेला. जंगलात झाडाखाली सोडून आलेल्या सोबत्याचा चेहरा कित्येक चिंडिटांना जन्मभर विसरता आला नाही.

लष्करी हिशेबात लाभ मोठा नव्हता. तथापि जपानी सैनिक जंगलात अजिंक्य आहे, हा समज या मोहिमेने पुसला. दुसरीकडे, चिंडविन ओलांडता येते हे पाहून जपानी सेनापती मुतागुची यांनाही इम्फाळवरील स्वारीची कल्पना पटली. चर्चिल यांनी विंगेट यांना ऑगस्ट १९४३ मध्ये आपल्याबरोबर क्वेबेक परिषदेस नेले. लॉर्ना यांनाही त्यांनी मुद्दाम जहाजावर बोलावून घेतले होते. पतिपत्नींचा तो अखेरचा दीर्घ सहवास ठरला.

५ मार्च १९४४ रोजी दुसरी मोहीम सुरू झाली. ऐन वेळी आलेल्या हवाई छायाचित्रांत एका नियोजित मैदानावर ओंडके पसरलेले दिसले. तरीही ‘ब्रॉडवे’ असे सांकेतिक नाव दिलेल्या दुसऱ्या मैदानावर उतरण्याचा निर्णय झाला. पहिल्याच रात्री ग्लायडर आदळून सुमारे ३० जण मृत्युमुखी पडले. पण पुढील काही दिवसांत नऊ हजारांवर सैनिक शत्रूच्या पिछाडीस पोचले. तीन आठवड्यांच्या आत विष्णुपूरच्या डोंगरात विंगेट यांचा अंत झाला. त्यांच्या पश्चात चिंडिट काही महिने लढत राहिले. फेब्रुवारी १९४५ मध्ये हे दल विसर्जित झाले.

आठवणींची वाटणी

विंगेट यांचे तंत्र त्यांच्यामागे उरले. त्यांचे सहकारी मायकेल कॅल्व्हर्ट यांनी १९५० मध्ये मलायातील कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्ध ‘मलायन स्काउट्स’ हे विशेष दल उभारले. चिंडिटांबरोबर हवाई दलाचे अधिकारी म्हणून गेलेले रॉबर्ट थॉम्पसन पुढे बंडखोरीविरोधी युद्धाचे जगन्मान्य तज्ज्ञ झाले. इस्रायलने १९५७ मध्ये विंगेट यांच्या नावे क्रीडा संस्था स्थापन केली. अदिस अबाबात त्यांच्या नावाची शाळा निघाली.

मायदेशात मात्र वाद पेटला. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युद्धाच्या सरकारी इतिहासात विंगेट यांच्यावर कठोर टीका झाली. त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला. सासूबाईंचे पुस्तक आले ते या वादाच्या ऐन भरात, दोनच वर्षांनी. वडिलांना कधीही न पाहिलेल्या मुलाच्या हाती सरकारी ग्रंथातील निवाड्याशिवाय आणखी काही असावे, ही आजीची इच्छा समजण्यासारखी आहे. पुढे ऑर्ड जोनाथन स्वतः लष्करात गेले, ‘ऑनरेबल आर्टिलरी कंपनी’ या जुन्या पलटणीचे प्रमुख झाले आणि २००० मध्ये निवर्तले.

सरकारी इतिहास आणि कुटुंबीय यांच्यात वाद झाला तो विंगेट यांच्या युद्धकौशल्याचा. १९३८ मधील गॅलिलीच्या खेड्यांचा प्रश्न त्यात फारसा कोणी विचारला नाही. त्या खेडुतांसाठी पुस्तक लिहिणारे कोणी नव्हते. त्यांची हकिकत अनेक वर्षांनी पुढे आली तीही बहुतांशी विंगेट यांच्याच पथकांतील माणसांच्या तोंडून. बंडखोरीविरुद्ध विशेष दले उतरवणाऱ्या प्रत्येक देशाला हा धडा लागू पडतो. मोहिमेचा जमाखर्च सैन्य ठेवते, वीराची स्मृती त्याचे घर जपते. मात्र ज्यांच्या दारात ती रात्र उगवली त्यांची नोंद ठेवणे कोणाचेच काम नसते.

विमान अपघातातील मृतदेह वेगवेगळे ओळखता आले नाहीत. मृतांमध्ये अमेरिकनांची संख्या अधिक असल्याने सर्वांचे अवशेष इम्फाळहून हलवून नोव्हेंबर १९५० मध्ये वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन दफनभूमीत एकत्र पुरण्यात आले. हिंदुस्थानात जन्मलेला आणि हिंदुस्थानातच मरण पावलेला हा ब्रिटिश सेनापती आज तेथे, सहप्रवाशांसह एकाच शिळेखाली विसावला आहे.