न दिसणारं दाखवणारा रंग: रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर

डोळ्याला काडी-कुसळ लागलं की डॉक्टर डोळ्यात पिवळसर रंगाचा थेंब टाकतात आणि निळ्या उजेडात बघतात. बुबुळावर ओरखडा असेल तर तेवढीच जागा हिरवी चमकते. हा रंग म्हणजे फ्लुरेसीन. तो १८७१ साली पहिल्यांदा बनवला जर्मनीच्या आडोल्फ फॉन बायर यांनी. कीटकनाशकं बनवणारी बायर कंपनी मात्र यांची नव्हे, ती फ्रेडरिक बायर यांनी काढली.

आडोल्फ यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८३५ रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील लष्करी अधिकारी. पोराला नाद मात्र रसायनांचा. तेराव्या वाढदिवसाला त्यांनी मिळालेल्या पैशातून निळीचा खडा विकत घेतला. पुढे हीच नीळ प्रयोगशाळेत बनवून त्यांनी नाव कमावलं.

पण त्याआधी जीवावर बेतलं होतं. हायडेलबर्गला ते केकुले यांच्या छोट्या प्रयोगशाळेत सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या, संयुगांवर काम करत होते. एक दिवस विषारी वाफ नाकात गेली आणि ते बेशुद्ध पडले. केकुले यांनी त्यांना वाचवलं. तेव्हा घातक वायू ओळखायला बहुतेकदा स्वतःचं नाकच वापरावं लागे.

नंतर बर्लिनच्या औद्योगिक शाळेत शिकवताना त्यांनी दोन रसायनं एकत्र तापवून फ्लुरेसीन बनवलं. लाखो पट पातळ केलं तरी पाण्यात त्याची हिरवी चमक दिसते.

सहाच वर्षांत त्याचा मोठा उपयोग झाला. डॅन्यूब नदीचं पाणी वाटेत जमिनीत गडप व्हायचं. ते जातं कुठं, यावरून काठच्या लोकांत वाद होता. १८७७ मध्ये सुमारे १० किलो रंग नदीत ओतला. साधारण ६० तासांनी १२ किलोमीटरवरच्या आख नदीच्या झऱ्यातून हिरवं पाणी वर आलं. वादाला पुरावा मिळाला.

शौचालयाचं पाणी विहिरीत मुरतं का, हेही असंच तपासता येतं. शौचालयात रंग सोडायचा आणि विहिरीवर लक्ष ठेवायचं. पाणी हिरवं झालं तर वाट सापडली. रंग दिसला नाही म्हणून पाणी शुद्धच, असं मात्र नाही. त्यासाठी पाण्याचा नमुना तपासावाच लागतो.

या रंगाने विषारी रसायनंही ओळखता येतात. फ्लुरेसीन लावलेला पिवळा कागद ब्रोमीन वायू लागताच गुलाबी-लाल होतो. त्याच घराण्यातले काही रंग एरवी विझलेले असतात, पण पाण्यात पारा भेटला की पेटल्यासारखे चमकतात. नाकाने वास घ्यायची गरज उरत नाही.

रंगांवरच्या आणि इतर संशोधनासाठी बायर यांना १९०५ चं नोबेल मिळालं. २० ऑगस्ट १९१७ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, म्युनिकजवळच्या श्टार्नबर्ग इथं त्यांचं निधन झालं.