बंद दारांआड आलेले फादर: संत जोसेफ वाझ

आजचं शुभवर्तमान: संत योहान 20:19-31

मित्रांनो, आजच्या वाचनात एक गोष्ट पटकन नजरेतून सुटते. शिष्य घाबरून दारं लावून बसलेत. प्रभू येशू त्या बंद खोलीत येतो, शांती देतो आणि तिथेच त्यांना पापक्षमेचा अधिकार देतो. म्हणजे आपण ज्याला प्रायश्चित्त संस्कार म्हणतो, कुमसार म्हणतो, त्याची सुरुवात बंद दारांआड झाली. हे वाचलं की मला आपल्या गोव्याचे संत जोसेफ वाझ आठवतात.

त्यांचा जन्म 21 एप्रिल 1651 रोजी बाणावलीला झाला. बाणावली हे आईचं गाव, वडील सांकवाळचे. 1676 मध्ये ते धर्मगुरू झाले. गोव्यात तेव्हा चर्च भरपूर आणि फादरही भरपूर. चांगला प्रवचनकार म्हणून नाव झालेल्या माणसाला घराजवळच सुखाने सेवा करता आली असती. पण त्यांच्या कानावर श्रीलंकेची, तेव्हाच्या सिलोनची, बातमी आली आणि ती मनातून जाईना.

बातमी अशी होती. 1658 मध्ये डचांनी जाफना घेतलं आणि पोर्तुगिजांचं राज्य तिथून संपलं. डच होते कॅल्विनपंथी. त्यांनी कॅथलिक चर्च ताब्यात घेतले, धर्मगुरूंना हाकलून दिलं आणि परत यायला बंदी घातली. फादरला आसरा देणाऱ्यालाही कडक शिक्षा होती. तेव्हापासून तिथे मिस्सा नाही, कुमसार नाही, मरणाऱ्याच्या कपाळाला पवित्र तेल नाही. अशी जवळजवळ तीस वर्षं! एक पूर्ण पिढी पवित्र कम्युनियनशिवाय वाढली.

मग त्या लोकांनी काय केलं? जे हातात उरलं ते जपलं. बाहेर डचांच्या चर्चमध्ये हजेरी लावावी लागे, कारण लग्नाची आणि मुलांची नोंद तिथेच व्हायची. पण घरात, दार लावून, रोझरी चालू होती. आईवडील मुलांना प्रार्थना पाठ करून घेत होते.

फादर जोसेफ यांना आधी कानडा मुलखात पाठवलं गेलं. तिथे काही वर्षं सेवा करून ते गोव्याला परतले, आणि 1685 मध्ये गोव्यातल्याच काही धर्मगुरूंच्या ओरेटरी नावाच्या संघात सामील झाले. 1686 मध्ये त्यांनी गोवा सोडला. सोबत जॉन नावाचा एक विश्वासू सेवक. धर्मगुरूचा झगा घालून सिलोनमध्ये शिरणं शक्यच नव्हतं. म्हणून तुतीकोरीनहून ते मजुराच्या वेशात, अनवाणी, गलबतावर चढले. वाटेत वादळ, भूक, तहान. 1687 मध्ये जाफन्याला पोहोचले तेव्हा जुलाबांनी इतके खंगले होते की उभं राहवेना. कुणा दयाळू माणसांनी दिलेल्या पेजेवर जगले.

आता प्रश्न पडला, आपले लोक ओळखायचे कसे? विचारायची सोय नव्हती, भलत्याला विचारलं तर सगळंच संपलं. मग त्यांनी गळ्यात मोठी रोझरी घातली आणि दारोदार भीक मागू लागले. कोण त्या माळेकडे कसं बघतं, ते निरखत राहिले. कुणाच्या डोळ्यांत ओळख दिसली की तिथे पुन्हा जायचं. शेवटी एका कुटुंबाकडे त्यांनी सांगून टाकलं की मी धर्मगुरू आहे. त्या घरात काय झालं असेल, जरा डोळ्यांसमोर आणा.

त्यानंतर रात्री जागू लागल्या. अंधार पडला की कुमसार, बाप्तिस्मा, मिस्सा, आणि उजाडायच्या आत पुढच्या गावी. सिल्लालई गावात लोकांनी त्यांना लपवून ठेवलं. एका नाताळच्या वेळी सैनिकांनी छापा घातला, लोकांना पकडलं, फटके मारले. फादर निसटले, पण त्यांच्या मिस्सेसाठी आलेल्यांनी किंमत मोजली. हे आपण विसरता कामा नये.

पुढे 1692 मध्ये ते कँडीच्या राज्यात गेले. तिथे पोर्तुगिजांचा हेर म्हणून त्यांना कैदेत टाकलं. कैदेतही त्यांनी वेदी मांडली. हळूहळू बौद्ध राजाचा, दुसऱ्या विमलधर्मसूर्याचा, त्यांच्यावर विश्वास बसला आणि त्यांना सेवेची मोकळीक मिळाली. जवळजवळ दहा वर्षं त्या अख्ख्या बेटावर ते एकटेच कॅथलिक धर्मगुरू होते. 1697 मध्ये गोव्याहून सोबती आले. त्याच वर्षी कँडीत देवीची साथ पसरली. लोक रोग्यांना टाकून पळत होते, तेव्हा फादर जोसेफ त्यांची सेवाशुश्रूषा करत होते. कोण कोणत्या धर्माचा, हे त्यांनी पाहिलं नाही.

आणखी एक शहाणपण त्यांच्याकडे होतं. एक फादर सगळ्या गावांत वर्षातून एकदा पोहोचणंही कठीण. म्हणून गावोगाव त्यांनी प्रापंचिकांतूनच पुढारी आणि धर्मशिक्षक तयार केले. फादर नसताना प्रार्थना चालवणं, मुलांना शिकवणं हे काम त्यांचं.

16 जानेवारी 1711 रोजी कँडीतच त्यांचं निधन झालं. गोव्याला ते परत कधीच आले नाहीत. 14 जानेवारी 2015 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत घोषित केलं.

2020 साली आपलेही चर्च बंद होते. तेव्हा पोप फ्रान्सिस यांनी आठवण करून दिली होती की फादर मिळत नसतील तर देवावरच्या प्रेमापोटी मनापासून पश्चात्ताप करा, आणि जमेल तेव्हा लगेच कुमसार करीन असं ठरवा. आध्यात्मिक कम्युनियनही आपण तेव्हाच शिकलो. ही देवाची मोठी दया आहे. पण ती भूक टिकवण्यासाठी आहे, भूक मारण्यासाठी नाही. जाफन्याच्या लोकांनी घरच्या रोझरीवर तीस वर्षं तग धरला, तरी फादर दारात आल्यावर ‘आमचं घरीच भागतं’ असं म्हटलं नाही. मोबाईलवर मिस्सा लावून कॉफी पिताना हे जरूर आठवावं.

आणि आजही कुणासाठी तरी चर्च बंदच आहे. चौथ्या मजल्यावरची आजी, जिना उतरू न शकणारे अंकल, हॉस्पिटलमधला मित्र. आपले फादर त्यांच्याकडे कम्युनियन घेऊन जातात, पण त्यांना कुणीतरी कळवायला हवं ना!

आजची कृती: अशा एका व्यक्तीचं नाव आपल्या धर्मग्रामातल्या फादरांना कळवा. आणि पुष्कळ दिवसांत कुमसार केलं नसेल तर या शनिवारी जा.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू बंद दारांआड आलास. तुझ्या संस्कारांची भूक आम्हांला दे, आणि जे तुझ्यापर्यंत येऊ शकत नाहीत त्यांच्या दाराशी आम्हांला पाठव. संत जोसेफ वाझ, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.