छप्पन्नाव्या वर्षानंतरचे अण्णा

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव माहीत नाही असे मराठी घर सापडायचे नाही. विधवेशी विवाह, हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, भारतरत्न आणि एकशे चार वर्षांचे आयुष्य एवढे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. पण अण्णा फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले ते १९१४ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, आणि गेले १९६२ साली. म्हणजे नोकरी सुटल्यावर ते अठ्ठेचाळीस वर्षे जगले. यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहायला सांगितले तेव्हा या अठ्ठेचाळीस वर्षांबद्दलच लिहावे असे वाटले.

कारण आपल्या गोकुळ रोडच्या परिसरात आता निवृत्त मंडळी बरीच आहेत. कोणी रेल्वेतून, कोणी बस महामंडळातून, कोणी बँकेतून, कोणी आमच्यासारख्या सरकारी खात्यांतून. आमच्याकडे साठाव्या वर्षी शाल, म्हैसूर पेटा आणि फळांची परडी देऊन माणसाला घरी पाठवतात. मुले बेंगळुरूला, पुण्याला किंवा त्याहून लांब. सकाळी तोळनकेरे तळ्याभोवती फेऱ्या होतात, रक्तदाब-साखरेची चौकशी होते, आणि मग उरलेला दिवस समोर उभा राहतो. त्या उरलेल्या दिवसाचे अण्णांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

आधीचे थोडक्यात सांगतो. जन्म १८ एप्रिल १८५८, कोकणात शेरवली येथे आजोळी, गाव मुरूड. गरिबी होती. परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून भर पावसात साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही, ही हकिगत प्रसिद्धच आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून गणित घेऊन पदवी घेतली आणि १८९१ पासून पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. त्याच वर्षी पहिल्या पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाईंशी विवाह केला. गावाने बहिष्कार टाकला. १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम निघाला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी सुमारे चार मैल चालत हिंगण्याला जायचे, पावसाळ्यात चिखल तुडवत, असा क्रम पुढे वर्षानुवर्षे होता. चालण्याचा व्यायाम म्हणून ते चालत नव्हते. तिकडे काम होते म्हणून चालत होते. म्हातारपणी त्यांची प्रकृती टिकली त्याचे निम्मे श्रेय मी या रस्त्याला देतो, डॉक्टर मंडळींनी रागावू नये.

निवृत्तीच्या पुढच्याच वर्षी त्यांनी ‘आत्मवृत्त’ लिहून प्रसिद्ध केले. सत्तावन्नाव्या वर्षी आत्मचरित्र म्हणजे आपले झाले, असेच लोकांना वाटले असेल. पण त्याच सुमारास जपानमधल्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका त्यांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी पुण्यात महिला विद्यापीठ उभे केले. सरकारची मान्यता नाही, पैसा नाही, विद्यार्थिनी बोटांवर मोजण्याइतक्या. त्यासाठी हा माणूस देशभर वर्गणी मागत हिंडला. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव मिळाले.

मार्च १९२९ मध्ये, सत्तरी पूर्ण झालेली असताना, अण्णा परदेशी निघाले. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न, पुढे जिनिव्हा अशा ठिकाणच्या शिक्षण परिषदांना गेले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले, अमेरिका पाहिली आणि ज्या देशातल्या पुस्तिकेने विद्यापीठाची कल्पना दिली तो जपानही पाहिला. वर्षभराने परतले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आफ्रिकेला गेले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांजीबार, दक्षिण आफ्रिका, असे पंधरा महिने, तिथल्या भारतीय वस्त्यांतून विद्यापीठाची माहिती सांगत आणि निधी जमवत. आपणही गाव सोडून आलेल्यांचीच मुले-नातवंडे आहोत, म्हणून हा भाग मला फार जवळचा वाटतो. परप्रांतात स्थिरावलेली माणसे चांगल्या कामाला हात देतात हे अण्णांना फार आधीपासून माहीत होते. तरुणपणी त्यांनी मुरूड फंड काढला होता. नोकरीसाठी बाहेर गेलेल्या गावकऱ्यांनी मिळकतीतला थोडासा वाटा गावासाठी द्यावा, अशी ती योजना.

पण मला सर्वांत महत्त्वाचे वर्ष वाटते १९३६. विद्यापीठाचे मुख्य ठाणे त्या साली मुंबईला गेले. आपण वीस वर्षे वाढवलेली संस्था दुसऱ्या गावी, दुसऱ्यांच्या हाती. अशा वेळी माणसे रुसतात, कमिट्यांवर अडून बसतात, प्रत्येक सभेत आमच्या वेळी असे नव्हते म्हणतात. (आपल्या मंडळातली उदाहरणे देत नाही.) अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या अण्णांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. विद्यापीठाकडून थेट बिगारी-पहिलीकडे! ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा नाही, तिथे शाळा काढायची. त्यासाठी पुण्यात दारोदार फिरून आणे-रुपयांच्या वर्गण्या गोळा केल्या. अशा चाळीसेक शाळा निघाल्या. पंधरा लाखांची देणगी पाहिलेला माणूस पुन्हा आण्यांवर आला आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. मागची संस्था कर्तबगार माणसांकडे सोपवून पुढे नवे, लहान, शून्यापासूनचे काम धरायचे, हे त्यांना साधले होते. १९४४ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाविरुद्ध समता संघ काढला आणि ‘मानवी समता’ हे मासिकही.

यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. अण्णांच्या या मोकळेपणाची किंमत घरात गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई ऊर्फ बाया, मोजत होत्या. आयुर्विम्याची पाच हजारांची पॉलिसीसुद्धा अण्णांनी आश्रमाला देऊन टाकली. मुलांची शिक्षणे, आजारपणे, पैशांची ओढाताण बायांनी निभावली, वर आश्रमासाठी वर्गणीही गोळा केली. त्यांचे ‘माझे पुराण’ आपल्याकडच्या सासवा-सुनांनी जरूर वाचावे. पुरुषांनी तर आधी वाचावे.

दीर्घायुष्य म्हणजे नुसते सुख नव्हे. १९५० मध्ये बाया गेल्या, तेव्हा अण्णा ब्याण्णव वर्षांचे होते. १९५३ मध्ये थोरले चिरंजीव रघुनाथराव गेले. संततिनियमनाच्या प्रचारासाठी ज्यांनी कॉलेजची नोकरी गमावली तेच हे र. धों. कर्वे. पत्नी आणि मुलगा डोळ्यांदेखत गेल्यावरही अण्णा नऊ वर्षे जगले. १९५५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १८ एप्रिल १९५८ रोजी शंभरी भरली, मुंबईला पंडित नेहरूंच्या उपस्थितीत मोठा सत्कार झाला आणि त्याच साली भारतरत्न मिळाले. आमचे धारवाड तेव्हा नुकतेच मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आले होते. त्याआधीची सारी वर्षे अण्णा आणि हुबळीकर एकाच इलाख्यातले.

आमच्या कचेऱ्यांतून दर १५ सप्टेंबरला ज्यांच्या तसबिरीला हार घालतात ते सर विश्वेश्वरय्या एप्रिल १९६२ मध्ये गेले. तेही शंभरी गाठलेले, तेही पुण्यात शिकलेले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला पुण्यात अण्णा गेले.

हिंगण्याला आता कर्वेनगर म्हणतात. पुण्याला मुलांकडे गेलात तर ती पहिली झोपडी अजून तिथे जपलेली पाहता येते. पायांत बळ असेल तर परतताना रिक्षा करू नका, फर्ग्युसनपर्यंत चालत या. रस्ता आता डांबरी आहे.