बर्था कूलबाईचे जनक : अर्ल स्टॅन्ले गार्डनर

अर्ल स्टॅन्ले गार्डनर हे नाव निघाले की जुन्या वाचकांना लगेच वकील पेरी मेसन आठवतो. ते साहजिकच आहे. मेसनवर त्यांनी ऐंशीहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या, आणि टेलिव्हिजनवरच्या मालिकेमुळे तो देशोदेशी घरोघर पोहोचला. पण ह्याच लेखकाने दुसऱ्या नावाने तीस वर्षे आणखी एक मालिका चालविली, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिच्यातील खाजगी हेरसंस्थेची मालकीण एक विधवा बाई आहे. अंगाने चांगली आडवी, जिभेने तिखट, पैशाच्या बाबतीत महाचिकट, आणि वाचकाला खदखदून हसविणारी. तिचे नाव बर्था कूल. गार्डनर ह्यांची जीवनकथा सांगताना मेसनसाहेबांना थोडे मागे बसवून ह्या बाईंना पुढची खुर्ची द्यावी असे आम्ही ठरविले आहे. तिच्यावरील एका पुस्तकाला उजेड दिसायला सत्त्याहत्तर वर्षे लागली, हे त्याचे कारण.

गार्डनर ह्यांचा जन्म १७ जुलै १८८९ रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील माल्डन ह्या गावी झाला. वडील खाणींचे इंजिनियर. त्यांच्या कामामुळे कुटुंब देशाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिम किनाऱ्याकडे गेले, आणि मुलगा कॅलिफोर्नियात वाढला. अंगात रग भारी, मुष्टियुद्धाचा नाद त्याहून भारी. कायदा शिकण्यासाठी इंडियाना राज्यातील व्हालपरायझो येथे पाठविले, तर तेथे महिनाभरसुद्धा नीट टिकले नाहीत. मुष्टियुद्धाच्या भानगडीतून विद्यालय सुटले. मग वकिलांच्या कचेऱ्यांत बसून, पुस्तके वाचून त्यांनी कायदा शिकून घेतला आणि १९११ साली परीक्षा देऊन सनद मिळविली. तेव्हा वय होते एकवीस.

त्यांनी वकिली सुरू केली ती ऑक्सनार्ड ह्या गावात. हे गाव साखरेचे! आपल्या बेटासारखा तेथे ऊस नव्हे, बीटचे कंद. पण कारखाना, शेतमजूर, बाहेरदेशांतून पोटासाठी आलेली माणसे हे चित्र आपल्या आजा-पणजांना अनोळखी वाटले नसते. तेथे पुष्कळ चिनी लोक राहत, आणि त्यांना न्यायाच्या दारात कोणी विचारीत नसे. गार्डनर त्यांचे वकील झाले. एकदा चोरट्या सोरटीच्या आरोपावरून काही चिनी दुकानदारांना पकडायचे ठरले. पोलिसांना माणसांचे चेहरे काही ओळखता येत नव्हते, ते फक्त दुकाने ओळखीत. गार्डनर ह्यांना सुगावा लागताच त्यांनी दुकानदारांच्या जागा आपापसांत बदलून टाकल्या. ह्याच्या दुकानात तो, त्याच्या दुकानात हा. पोलीस आले आणि भलत्याच माणसांना धरून घेऊन गेले. पुढे कोर्टात त्या खटल्यांचे काय झाले असेल हे सांगायला नकोच. माणूस कोण आणि जागा कोणाची, ह्या अदलाबदलीवर त्यांनी पुढे किती कथा रचल्या!

१९१२ साली नॅटली टॅल्बर्ट ह्यांच्याशी विवाह झाला, पुढच्या वर्षी कन्या झाली. मध्ये काही वर्षे मोटारींच्या टायरविक्रीच्या धंद्यात काढून ते पुन्हा वकिलीकडे वळले आणि व्हेंचुरा गावी एका कचेरीत भागीदार झाले. पण वकिली म्हणजे गरीब अशिलांची गर्दी आणि फी कमी. म्हणून रात्री कथा लिहायला बसत. स्वस्त कागदावर छापली जाणारी कथामासिके तेव्हा अमेरिकेत गठ्ठ्यांनी खपत. दिवसभर कोर्ट, रात्री टंकलेखन यंत्र, आणि तेही दोन बोटांनी. बोटांची टोके दुखू लागली की त्यांवर चिकटपट्टी लावून पुन्हा काम सुरू. रोज चार हजार शब्द हा त्यांचा नेम.

त्यांची एक सुरुवातीची कथा 'ब्लॅक मास्क' मासिकाकडे गेली. कचेरीतील एकाने ती किती टाकाऊ आहे हे अगदी मनमोकळेपणे एका चिठ्ठीवर लिहिले, आणि ती चिठ्ठी चुकून परत येणाऱ्या कथेबरोबर लेखकाकडेच आली. दुसरा असता तर चिडून बसला असता. गार्डनर ह्यांनी चिठ्ठीतील दोष वाचले, तीन रात्री जागून कथा पुन्हा लिहिली आणि परत पाठविली. डिसेंबर १९२३ च्या अंकात ती चार्ल्स ग्रीन ह्या टोपणनावाने छापून आली. पैसे शब्दांवर मिळत. त्यामुळे त्यांचा नायक शेवटच्या गोळीनेच खलनायकाला मारी. आधीच्या पाच गोळ्या चुकल्या की तेवढे शब्द वाढत, हे ते स्वतःच हसत सांगत.

१९३३ साली न्यूयॉर्कच्या विल्यम मॉरो कंपनीने पेरी मेसनची पहिली कादंबरी काढली. मेसन चालला. गार्डनर ह्यांनी वकिली सोडली. एवढ्यावर कोणीही समाधान मानले असते, पण त्यांच्या अंगातील खोडकरपणाला मेसनच्या कोर्टात वाव नव्हता. मेसन कधी कफल्लक होत नाही, मार खात नाही, फजीत होत नाही. ह्या सगळ्यासाठी वेगळी माणसे हवी होती.

ती माणसे १९३९ साली 'द बिगर दे कम' ह्या पुस्तकातून आली. लेखकाचे नाव छापले ए. ए. फेअर. हा फेअर कोण, हे सुरुवातीस गुप्त ठेवले होते. कथा सांगतो डोनाल्ड लॅम, अंगाने किरकोळ, खिशात दमडी नाही, पोटात अन्न नाही. एके काळी वकील होता. पण खून करून कायद्याच्या फटीतून सुटता येते अशी फुशारकी अशिलापुढे मारल्यामुळे सनद गेली. नोकरीची जाहिरात पाहून तो बर्था कूलच्या कचेरीत येतो. बाई वजनाने दोनशे पौंडांहून जास्त, बोटांत हिरे, बाहेर एल्सी ब्रँड नावाची टंकलेखिका यंत्र बडवीत बसलेली. बाईंचा पूर्वेतिहासही गमतीचा आहे. नवऱ्याला आवडावे म्हणून त्या एके काळी उपाशी राहून अंग सांभाळीत. नवरा दुसरीकडे रमतो असे कळल्यावर त्यांनी उपास सोडला तो कायमचा. आमच्या मते बर्थाबाईंचे सगळे तत्त्वज्ञान ह्या एका प्रसंगात आहे. लोकांना आवडण्यासाठी काही करायचे नाही.

विनोद कोठून येतो? आधी ह्या जोडीच्या विजोडपणातून. बाई धिप्पाड आणि धाकदपटशाची, पोरगा काडीसारखा, ज्याला प्रत्येक पुस्तकात कोणी ना कोणी बदडून काढतो. पण डोके त्याचे चालते. आणि दुसरे म्हणजे बाईंची पैशावरची माया. अशिलाला दारातूनच परत पाठवायला निघालेल्या बर्थाबाई फीचा आकडा ऐकला की मधासारख्या गोड होतात. लॅमने टॅक्सीवर केलेला खर्च पाहून त्यांचा जीव तळमळतो, आणि त्याने मोठी रक्कम मिळवून आणली की त्याच लॅमला लाडाच्या नावांनी हाक मारतात. घराघरांत हिशेबाची वही आणि तिखट जीभ दोन्ही सांभाळणारी एखादी काकी असतेच. तिला हेरसंस्था काढून दिली तर काय होईल, तेच येथे होते. मात्र विनोदाखालची रहस्ये पक्की आहेत. पहिल्याच पुस्तकात आरोपीला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पाठविण्याच्या कायद्यातील फटीवर कथा उभी केली आहे. लिहिणारा वकील होता हे लपत नाही.

आता त्या अडकलेल्या पुस्तकाकडे येऊ. त्याच वर्षी गार्डनर ह्यांनी दुसरे पुस्तक लिहिले, 'द नाइफ स्लिप्ड'. एका नवऱ्याच्या चोरट्या भेटींवर पाळत ठेवण्याचे काम येते आणि प्रकरण शहराच्या कारभारातील लाचलुचपतीपर्यंत जाते. त्यात बर्थाबाई पुरत्या रंगात आहेत. पण प्रकाशकांनी ते परत केले. इतर आक्षेपांबरोबर एक आक्षेप असा, की ही बाई उद्धट बोलते, शिव्या देते, सिगरेट ओढते आणि लोकांना गंडविते. त्या काळच्या रहस्यकथांतील पुरुष हेर ह्यातले काय करीत नव्हते? तेच पुरुषाने केले तर रांगडेपणा, बाईने केले तर पुस्तक परत.

गार्डनर ह्यांनी प्रकाशकांशी फार झगडा केल्याचे दिसत नाही. हस्तलिखित बाजूला ठेवले आणि दुसरेच पुस्तक दिले, 'टर्न ऑन द हीट', जे १९४० साली निघाले. व्यवहारी माणूस, चिठ्ठीचा प्रसंग आठवा. पण येथे त्या व्यवहारीपणाची किंमत मोजावी लागली असे आम्हांस वाटते. बर्थाची जीभ काही बंद झाली नाही, सिगरेटही सुटली नाही. परंतु पुढच्या पुस्तकांत गुंता सोडविण्याचे काम अधिकाधिक लॅमकडे गेले. १९४१ च्या सुमारास आजारपणाचे निमित्त करून लेखकाने बाईंचे वजनही बरेच उतरविले. त्याच वर्षी लॅम भागीदार झाला. अखेरच्या वर्षांतील काही पुस्तकांत तर मालकीणबाई सुरुवातीला ओरडायला आणि शेवटी पैसे मोजायलाच येतात.

अपवाद युद्धकाळातला. लॅम नौदलात भरती झाला, आणि १९४२ व १९४३ सालच्या दोन पुस्तकांत कचेरीचा भार बर्थावर पडला. 'कॅट्स प्राउल अॅट नाइट' मध्ये तर लॅम मुळीच नाही. एकटी बाई धडपडते, चिडते, फसते, पुन्हा उठते. ज्यांना ही मालिका मिळेल त्यांनी हे पुस्तक चुकवू नये.

गंमत अशी, की ज्या लेखकाने आपल्या हेरबाईला मागे सरकू दिले, त्याचा स्वतःचा सगळा कारखाना बायकांच्या जोरावर चालत होता. टंकलेखन सोडून ते यंत्रात बोलून कथा सांगू लागले, आणि ते बोलणे कागदावर उतरविणाऱ्यांत तिघी सख्ख्या बहिणी होत्या. त्यांतील जीन बेथेल ह्यांच्यावर मेसनची चिटणीस डेला स्ट्रीट बेतली असे म्हणतात. कॅलिफोर्नियात टेमेक्युला येथे त्यांचे मोठे राहते रान होते. लेखन, पत्रव्यवहार, पाहुणे, सहली सारे तेथूनच चाले. पत्नी नॅटली वेगळ्या राहत, पण घटस्फोट झाला नव्हता. १९६८ साली त्या वारल्या, आणि त्याच वर्षी एकोणऐंशी वर्षांच्या गार्डनर ह्यांनी जीन ह्यांच्याशी लग्न केले.

अन्यायाने तुरुंगात पडलेल्यांसाठी १९४८ पासून 'आर्गोसी' मासिकातून त्यांनी चालविलेल्या कामावर स्वतंत्र लेख होईल. येथे एवढेच, की त्यावरील पुस्तकाला रहस्यलेखकांच्या संस्थेचा एडगर पुरस्कार मिळाला. १९५८ साली बर्था आणि लॅम ह्यांच्यावर टेलिव्हिजनचा नमुना-भाग तयार झाला, पण मालिका काही झाली नाही. मेसनची मालिका मात्र १९५७ पासून १९६६ पर्यंत चालली आणि तिच्या शेवटच्या भागात गार्डनर स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीत बसले.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. मुंबईहून आलेल्या पार्सलांतून ज्यांनी त्या वाचल्या असतील त्यांना लेखनाचा असला वेग नवलाचा वाटणार नाही.

११ मार्च १९७० रोजी टेमेक्युला येथेच गार्डनर वारले. त्यांची रक्षा त्यांच्या आवडत्या बाहा कॅलिफोर्नियावर विखुरण्यात आली. बर्था आणि लॅम ह्यांचे एकोणतिसावे पुस्तक त्याच वर्षी निघाले, आणि मालिका संपली असे सर्वांना वाटले. पुढे २०१६ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या हार्ड केस क्राइम ह्या प्रकाशनाने 'द नाइफ स्लिप्ड' छापले. परत करणारे गेले, लिहिणारे गेले, जीनबाईही २००२ साली गेल्या होत्या. बर्थाबाई मात्र १९३९ च्या आपल्या खुर्चीत बसूनच होत्या, पूर्ण वजनानिशी, सिगरेट पेटवून.